तंबोरा पाण्याखाली गेल्यासारखा वाजतो, ट्रॅक बदलताना सूर तुटतो : दोष नेमका कुठे शोधायचा

सांगलीहून आत्याचा फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा तेच असतं. "अगं, तंबोरा पुन्हा बिघडला बघ." तिच्या खोलीत मिरजेचा खराखुरा तंबोरा गवसणीत उभा आहे, त्याच्याबद्दल ती बोलत नसते. बोलते ती लॅपटॉपवर लावलेल्या रेकॉर्डिंगमधल्या तंबोऱ्याबद्दल. तिचं सगळं आयुष्य गाणं शिकण्यात आणि शिकवण्यात गेलं. रोज सकाळी तासभर ती एखादा राग लावून बसते, आणि तिचा कान फार बारीक आहे. ती "बिघडला" म्हणाली की बिघडलेलाच असतो.

गेल्या काही वर्षांत मी ही तक्रार चार-पाच वेळा तरी सोडवली आहे, आणि दर वेळी कारण वेगळं निघालं. ही अडचण पुन्हा पुन्हा येते ती त्यामुळेच. तक्रारीचे शब्द तेच असतात, पण बिघाड कधी फाइलमध्ये असतो, कधी प्लेअरमध्ये, कधी विंडोजच्या सेटिंगमध्ये, तर कधी हेडफोनच्या ब्लूटूथमध्ये. म्हणून लक्षणावरून कारणापर्यंत कसं जायचं ते इथे लिहून ठेवते आहे.

सगळ्यात आधी एक विनंती. नवे हेडफोन घ्यायला धावू नका. आधी दोष फाइलमध्ये आहे की वाटेत, एवढं ठरवा. तीच फाइल, फॉरमॅट न बदलता पेन ड्राइव्हवरून, दुसऱ्या एखाद्या यंत्रावर साध्या वायरच्या हेडफोनने ऐका. तिथेही तस्संच वाजलं तर दोष फाइलमध्ये आहे. नीट वाजलं तर फाइल निर्दोष आहे आणि वाटेत काहीतरी अडलं आहे. वाटेतला दोष दुरुस्त होतो. फाइलमधून जे गेलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. हा फरक आधी कळला की निम्मा त्रास वाचतो.

आता पहिलं लक्षण. तंबोऱ्याचा नाद सलग न राहता बुडबुडल्यासारखा होतो. जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या नादातला झगमगाट, थरथरते, मध्येच विरते, मध्येच चमकते. आत्याच्या शब्दांत "कुणीतरी तंबोरा हौदात बुडवून छेडतंय."

हे समजायचं तर तंबोरा काय करतो ते आठवा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी खुली करतात. त्यामुळे तार घोडीच्या पृष्ठभागाला हलकेच घासत राहते आणि मूळ स्वराबरोबर वरचे कितीतरी उपस्वर एकाच वेळी झळकतात. पेटीच्या काळी एक पट्टीतला षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, पण आपण ज्याला जवारी म्हणतो तो झगमगाट कितीतरी हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. हे वरचे स्वर क्षीण असतात आणि सतत हलत असतात.

एमपी३ नेमकी तिथेच काटकसर करतं. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं, प्रत्येकी १६ बिटची, डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांसाठी असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. १२८ किलोबिटची एमपी३ म्हणजे त्याच्या अकराव्या हिश्शाएवढी जागा. एमपी३ आवाजाचे १,१५२ नमुन्यांचे तुकडे पाडतं. असा एक तुकडा जेमतेम २६ मिलिसेकंदांचा. प्रत्येक तुकड्यात कानाला काय ऐकू येईल आणि मोठ्या आवाजाखाली काय झाकलं जाईल याचा हिशोब करून बिट वाटले जातात. बिट कमी असले की जवारीच्या एखाद्या उपस्वराला या तुकड्यात जागा मिळते, पुढच्या तुकड्यात मिळत नाही, त्यापुढच्यात पुन्हा मिळते. सेकंदाला अडतीस वेळा चाललेली ही उघडझाप म्हणजेच तो बुडबुडा. शिवाय १२८च्या फाइलमध्ये १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं बहुधा सरळ छाटून टाकलेलं असतं.

तबल्यावरही परिणाम होतो, पण वेगळा. 'ना' किंवा 'ता'सारखा कडक बोल पडण्याच्या किंचित आधी एक बारीक खरखर येते, कारण त्या तुकड्यातली चूक बोलाच्या आधीच्या शांततेतही पसरते. बोलाची धार बोथट झाल्यासारखी वाटते. तंबोऱ्याचा बुडबुडा आणि तबल्याची बोथट धार ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर फाइलवरच संशय घ्या.

खात्री करायला ऑडॅसिटी किंवा स्पेक या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरपैकी एकात फाइल उघडून तिचं स्पेक्ट्रोग्राम बघा. आडवा काळ, उभी वारंवारिता. १६ हजारांच्या आसपास कात्रीने कापल्यासारखी सरळ आडवी रेघ असेल आणि तिच्या वर निव्वळ काळोख, तर ही फाइल कधीतरी कमी बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला कमी किलोबिटच्या, एमपी३मधून गेली आहे. फाइलचं नाव .फ्लॅक, म्हणजे काहीही न गाळता साठवणाऱ्या प्रकाराचं, असलं तरी. कारण १२८ची एमपी३ फ्लॅकमध्ये बदलता येते. आकार पाच-सहापट होतो, आवाज तोच राहतो. आत्याला एका परिचिताने अशा 'उच्च दर्जाच्या' दोनशे फाइल दिल्या होत्या. रेघ सगळ्यांत होती.

मात्र इथे घाई करू नका. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवर मुळातच वरच्या वारंवारिता फारशा उमटत नसत. त्यांच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये वर नुसती खरखर दिसेल, संगीत दिसणार नाही. जुन्या कॅसेटचंही वरचं टोक झिजत गेलेलं असतं. फरक असा की नैसर्गिक झीज उतारासारखी हळूहळू मावळते आणि एमपी३ची छाटणी भिंतीसारखी उभी असते. उतार दिसला म्हणून फाइल खोटी ठरवणं हा त्या रेकॉर्डिंगवर अन्याय आहे.

उपाय एकच. मूळ सीडी असेल तर ती पुन्हा उतरवा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर ओरखड्यांच्या जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं आणि जे वाचता आलं नाही ते नोंदवतं. साठवा फ्लॅकमध्ये. फ्लॅक २००१ पासून आहे, मोफत आहे, आकार निम्म्याच्या आसपास आणतं आणि एकही नमुना टाकून देत नाही. मूळ आवाजाची एमडी५ खूणही ते फाइलमध्येच ठेवतं, त्यामुळे डिस्क खराब होऊन फाइल बिघडली तर तपासणीत लगेच कळतं. आयफोन-मॅकवाल्यांनी एएलएसी वापरलं तरी तितकंच चांगलं. फ्लॅक, एएलएसी, वेव्ह या तिघांच्या आवाजात फरक नसतो. कुणी "वेव्ह जास्त मोकळं वाजतं" म्हणालं तर ऑडॅसिटीत एकाच ट्रॅकच्या दोन्ही प्रती एकावर एक ठेवा, एक उलटी करा आणि बेरीज करा. पूर्ण शांतता उरते. मी करून बघितलं आहे.

फोनमध्ये जागा कमी असेल तर फ्लॅकवरून थेट २५६ किलोबिटचं एएसी किंवा १६०च्या आसपासचं ओपस बनवा. तंबोऱ्याला ते पुरतं. फक्त एमपी३वरून एएसी, एएसीवरून पुन्हा एमपी३ अशी फेरफार करू नका. प्रत्येक फेरीत काहीतरी गळतं. रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते.

आणि फाइल आपली नसून स्ट्रीमिंगची असेल तर अॅपमधल्या 'ऑडिओ क्वालिटी'त 'ऑटो' निवडलेलं आहे का बघा. मोबाइल डेटा मंद झाला की ऑटो गुपचूप खालच्या बिटरेटवर उतरतं. आत्याची एक तक्रार पावसाळ्यातच येई, आणि त्यामागे एवढंच होतं. वायफाय आणि मोबाइल डेटा यांच्यासाठी ही सेटिंग बहुधा वेगवेगळी असते, दोन्ही बदला. अॅप काढून पुन्हा टाकलं की ती परत ऑटोवर जाऊ शकते.

दुसरं लक्षण माझ्या मते सगळ्यात जास्त रसभंग करणारं. विलंबित (संथ) ख्याल संपून द्रुत (जलद) सुरू होतो, गायक श्वास घेतात, तंबोरा चालूच असतो, आणि नेमक्या त्या क्षणी टक्! नाद तुटतो आणि पुन्हा सुरू होतो. चित्रपटगीतांत दोन गाण्यांमध्ये शांतताच असते, म्हणून हा दोष कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे मैफलीचं सलग रेकॉर्डिंग सीडीवर केवळ सोयीसाठी ट्रॅकमध्ये कापलेलं असतं. सीडीप्लेअर थांबत नाही, म्हणून तिथे सांधा कळत नाही. एमपी३ केल्यावर कळतो.

एकदा मी दोन्ही एमपी३ उघडून एकापुढे एक ठेवल्या आणि सांधा मोठा करून बघितला. डावीकडे तंबोऱ्याची दाट लहर, उजवीकडे तशीच, आणि मध्ये साधारण पन्नास मिलिसेकंदांची सपाट रेघ. मूळ सीडीवर ती नव्हती. आली कुठून? एमपी३ १,१५२च्या पटीतच लिहिता येतं, त्यामुळे शेवटचा तुकडा भरायला शून्यं घातली जातात. शिवाय एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर, सुरुवातीला काही नमुन्यांची उशिराची जागा सोडतं. लेम या प्रचलित एन्कोडरमध्ये ती ५७६ नमुन्यांची असते, आणि उलगडताना आणखी ५२९ची भर पडते. असं भरताड किती, याची नोंद लेम फाइलच्या सुरुवातीला ठेवतं. चांगला प्लेअर ती वाचून तेवढा भाग गाळतो. नोंद नसेल किंवा प्लेअर वाचत नसेल तर भोक ऐकू येतं. पन्नास मिलिसेकंद म्हणजे डोळ्याचं पातंही लवत नाही, पण अखंड षड्जात ते भोक ठसठशीत कळतं.

म्हणून मैफलीच्या फाइल फ्लॅकमध्ये ठेवा. तिथे भरताडच नसतं. मग प्लेअर 'गॅपलेस', म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारा, आहे का बघा. विंडोजवर फूबार२००० हे काम कुठलीही सेटिंग न बदलता करतं. अँड्रॉइडवर पॉवरअँपमध्ये गॅपलेसची सोय आहे. मी आत्यासाठी तर अख्खी सीडी एकाच फ्लॅक फाइलमध्ये उतरवली आणि ट्रॅकच्या खुणा क्यू शीट नावाच्या वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवल्या. सांधाच नाही, तर तुटणार काय?

क्रॉसफेड हा यावरचा उपाय नव्हे. बऱ्याच अॅपमध्ये त्याची सोय असते. क्रॉसफेड दोन ट्रॅकची टोकं एकमेकांत मिसळतो, म्हणजे काही सेकंद आधीचा आणि नंतरचा तंबोरा एकत्र वाजतो. लयीत बसलेला तबला दोनदा पडतो. तो बंदच करा. आणि सांध्यावर भोक नसून पूर्ण दोन सेकंदांची शांतता असेल तर तो वेगळाच प्रकार. कुणीतरी सीडी कॉपी करताना ट्रॅकगणिक थांबण्याची सेटिंग ठेवली होती. ती कॉपी कामाची नाही, मूळ सीडी शोधा. तीही नसेल तर ऑडॅसिटीत ती शांतता हाताने कापून काढता येते, सांधा मात्र लयीत जुळवावा लागतो.

तिसरं लक्षण : गायक आवाज लावतात तेव्हा तंबोरा मागे सरतो, आणि ते थांबले की फुगून पुढे येतो. आलापीतलं हळुवार गाणं आणि जोरकस तान सारख्याच आवाजात ऐकू येतात. हे फाइलचं काम नाही. विंडोजमध्ये साउंड सेटिंग्जमध्ये जाऊन आपलं आउटपुट निवडा आणि 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा. त्यातलं 'लाउडनेस इक्वलायझेशन' क्षणोक्षणी आवाज वर-खाली करत असतं. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं ध्वनी-अॅप असेल तर तिथेही हेच असतं. फोनमध्ये डॉल्बी किंवा 'सराउंड' नावाने सापडेल. ड्रायव्हर अपडेट झाला की हे पुन्हा चालू झालेलं मी दोनदा पाहिलं आहे, म्हणून अपडेटनंतर एकदा डोकावून यावं. फाइल-फाइलमधला आवाजाचा फरक त्रास देत असेल तर प्लेअरमधलं 'रिप्लेगेन' वापरा, आणि ते 'अल्बम' प्रकारात ठेवा. ते अख्ख्या अल्बमला एकच माप लावतं, त्यामुळे विलंबित आणि द्रुत यांच्यातलं मूळ प्रमाण टिकतं.

चौथं लक्षण ओळखायला सोपं. आवाज अचानक टेलिफोनसारखा होतो, चपटा, एकाच बाजूचा, खाली-वर काही नाही. ब्लूटूथ हेडफोन असेल तर डोळे मिटून सांगता येतं की कुठल्यातरी अॅपने माइक उघडला आहे. ब्लूटूथवर संगीत ऐकण्याची वाट वेगळी आणि बोलण्याची वेगळी. माइक चालू झाला की हेडफोन बोलण्याच्या वाटेवर जातो. तिथे एकच वाहिनी, सेकंदाला ८ किंवा १६ हजार नमुने. आत्याचा ऑनलाइन वर्ग संपला तरी मीटिंगचं अॅप मागे उघडंच राहायचं. ते पूर्ण बंद केलं की तंबोरा परत यायचा. कायमचा उपाय म्हणून त्या अॅपला माइक लॅपटॉपचाच निवडून दिला. शिवाय विंडोजच्या जुन्या साउंड कंट्रोल पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' म्हणून भाग आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची सूचना तिथे आधीपासून दिलेली असते. 'डू नथिंग' निवडा.

माइक बंद असतानाही ब्लूटूथ आवाज पुन्हा एकदा दाबतं हे ध्यानात असू द्या. त्यासाठीचं एसबीसी हे तंत्र संगीत ऐकवणाऱ्या प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनला यावंच लागतं. ते चांगल्या सेटिंगवर सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट पाठवतं. एलडॅक हे दुसरं तंत्र ९९०पर्यंत जातं, पण दोन्ही टोकांना ते असायला हवं. म्हणजे १२८ची एमपी३ आणि वर एसबीसी, अशी दोनदा छाटणी होते. सकाळच्या रियाजाला वायरच बरी, एवढं मी आत्याला पटवलं आहे.

कडकड, तडतड, मध्येच आवाज अडणं हा प्रकार फॉरमॅटचा नाही. संगणक वेळेवर पुढचा तुकडा पोचवू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्लेअरमधला बफर, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या आवाजाचा साठा, वाढवा, बॅटरी वाचवणारा मोड बंद करा, आणि यूएसबी ३ची डिस्क ब्लूटूथच्या डोंगलपासून लांब लावा.

एक दुर्मीळ पण आपल्या लोकांना पटकन पकडता येणारी गोष्ट सांगते. कधीकधी रेकॉर्डिंग करताना किंवा बदलताना सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला किती नमुने याची, नोंद चुकते. ४४,१००ची फाइल ४८,०००ची समजून वाजवली जाते. मग सगळं पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीने वर चढतं, म्हणजे काळी एकचा गायक पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतो आणि तासाची मैफल पंचावन्न मिनिटांत संपते. गायकाची पट्टी माहीत असेल तर पेटीवर एक स्वर दाबून बघा. प्लेअरला कळत नाही ते पेटीला कळतं.

विंडोज स्वतः ४४,१००चं ४८,०००मध्ये रूपांतर करतं त्याची मात्र काळजी नको. तिथे पट्टी बदलत नाही, फरक फारच बारीक असतो. तोही नको असेल तर फूबारमध्ये 'वासापी एक्सक्लुझिव्ह' निवडा, म्हणजे फाइलमधले नमुने मध्ये कुणाचा हात न लागता बाहेर पडतात. १९२ किलोहर्ट्झच्या महागड्या फाइलमागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढेल तसं ते खाली येतं, आणि सीडीचा दर तेवढ्याला पुरून उरतो.

राहता राहिल्या आत्याच्या कॅसेट. तिच्या गुरूंच्या घरच्या बैठकीच्या, ज्यांची सीडी कधी निघालीच नाही. त्यांच्या १२८च्या एमपी३ कुणीतरी पूर्वी बनवून दिल्या होत्या आणि त्या बुडबुडतात. त्यांना कुठलंही 'एन्हान्स' करणारं सॉफ्टवेअर लावू नका. जशा आहेत तशा जपा आणि कॅसेट सापडली तर ती पुन्हा उतरवा. गेल्या दिवाळीत एक सापडली. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, हेडचा कोन त्याने बदलतो. मूळ रेकॉर्डिंग दुसऱ्या डेकवर, दुसऱ्या कोनात झालेलं असतं, आणि कोन जुळला नाही तर वरचे स्वर वाजवतानाच हरवतात. कॅसेट चालू ठेवून मी स्क्रू केसभर फिरवत होते, आत्या शेजारी हेडफोन लावून बसली होती. "अजून... अजून थोडं... थांब, थांब! खुलली बघ जवारी." तिथेच स्क्रू सोडला, २४ बिटवर रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि दोन्ही बाजू होईपर्यंत ती जागची हलली नाही.